प्रथा नव्हे, संख्याबळ
निवडणुकीच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशाची जागा रिकामी ठेवायची ही अमेरिकेतली जुनी प्रथाच आहे, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. १९८८ हेही निवडणुकीचंच वर्ष होतं. राष्ट्राध्यक्ष रेगन रिपब्लिकन, अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या सिनेटमध्ये बहुमत डेमोक्रॅट्सचं, तरी फेब्रुवारीत अँथनी केनेडींची नेमणूक ९७-० मतांनी मंजूर झाली.

१३ फेब्रुवारी २०१६ ला न्यायाधीश स्कालिया अचानक गेले. न्यायालयात त्यांच्या खुर्चीवर काळं कापड घातलं होतं. पण ते गेल्याची बातमी येऊन काही तास होतात न होतात तोच सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते मॅककॉनेल यांनी जाहीर केलं, ही जागा नवा राष्ट्राध्यक्ष भरेल. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गारलँड यांचं नाव दिलं. २९३ दिवस ते तसंच पडून राहिलं. विरोधात मत द्या ना, हरकत नाही. पण साधी सुनावणीसुद्धा घेतली नाही, याचा मला आजही राग येतो.

आणि २०२० मध्ये? न्यायाधीश गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला गेल्या, २६ ऑक्टोबरला त्यांच्या जागी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या बॅरेट यांची नेमणूक रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटमध्ये ५२-४८ ने मंजूर. मतदानाला उरले होते आठ दिवस.

स्कालियांची जागा रिकामी होती त्या काळात भोगलं कोणी? जून २०१६ मध्ये स्थलांतरितांच्या खटल्यात उरलेल्या आठ न्यायाधीशांत ४-४ अशी बरोबरी झाली आणि ओबामांची हद्दपारीपासून सवलत देणारी योजना रोखणारा खालच्या न्यायालयाचा निर्णय अवघ्या एका वाक्यात कायम राहिला. हद्दपारीच्या भीतीखाली जगणाऱ्या लाखो आईबापांना कारणमीमांसेची एक ओळही मिळाली नाही.