वेल्स, १९६६ : भित्तिपत्रकात काय घ्यावं?

राजारामपुरीतून प्रश्न : शाळेत वेल्सच्या १९६६ सालावर भित्तिपत्रक करतोय. अबरव्हॅन या खाणगावातली दुर्घटना मुख्य. खाणीच्या कचऱ्याचा ढीग मुळात घसरला कसा? बाकी काय घ्यावं?

उत्तर १ : खाणीतला टाकाऊ माल डोंगरावर रचत. ७ नंबरचा ढीग १९५८ पासून थेट झऱ्यांवर उभा केला. त्यात कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही टाकला होता. पावसानं आणि झऱ्याच्या पाण्यानं तो आतून भिजला आणि २१ ऑक्टोबरला सकाळी सव्वानऊच्या सुमारास चिखलासारखा वाहत पँटग्लास शाळेवर आला. मृत १४४, त्यांत ११६ मुलं. त्याआधीही इथले ढीग घसरले होते, म्हणून ‘नैसर्गिक आपत्ती’ असं अजिबात लिहू नका. चित्रात ढिगाखाली झरे दाखवा, मुलांना लगेच कळतं.

उत्तर २ : चौकशी अहवाल १९६७ चा, तो १९६६ च्या रकान्यात घालू नका. त्यानं दोष खाण चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. तरी उरलेले ढीग हटवायला दुर्घटनाग्रस्तांसाठी जमलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले, ते १९९७ मध्ये परत केले. हे लिहाच राव, फार अन्यायाचं आहे.

उत्तर ३ : १४ जुलैची कारमार्दन पोटनिवडणूक घ्या. ग्विनव्हर एव्हन्स जिंकले, प्लाइड कम्री या वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार. सप्टेंबरात इंग्लंड-वेल्स जोडणारा, सेव्हर्न नदीवरचा सेव्हर्न पूल खुला झाला. नकाशा काढताना एक बघा : त्याचे दोन्ही मुख्य मनोरे इंग्लंडात आहेत, वेल्सची हद्द पुढं वाय नदीवर लागते.