वॅरांगियनच्या आधी घोडेस्वार तिरंदाज

काही जण म्हणतात की मेडिव्हल २ या युद्धाच्या व्हिडिओ गेममधे बायझंटाईन साम्राज्य खेळायला घेतलं की वॅरांगियन गार्डवरच, म्हणजे कुऱ्हाडवाल्या तगड्या पायदळावरच, सगळा पैसा लावा, ते लढतात भारीच पण सन १०८० ला गेमची सुरुवात होते तेव्हा ते मिळतच नाहीत आणि तुर्क काही तोवर थांबत नाहीत. मी बायझंटाईन कॅव्हलरी या घोडेस्वार तिरंदाजांच्या ५-६ तुकड्या घेऊन निघतो, धनुष्यही आहे आणि बाण संपले की जवळूनही बऱ्यापैकी लढतात. फक्त एक सांभाळा, स्कर्मिश मोड (शत्रू जवळ आला की तुकडी आपोआप मागे सरकते तो) बंद ठेवा! माझी एक अख्खी तुकडी मागे सरकत सरकत नकाशाच्या कडेला अडकली आणि भालेवाल्यांनी कापून काढली, फार जीव जळला. तेव्हापासून मी त्यांना हातानेच मागे घेतो, शत्रूच्या सरदाराभोवती गोल फिरवत बाण मारतो, तो पडला की बाकीचे लवकर पळतात.