डिसेंबरात तोरणमाळ आणि चांदसैली घाट, घरची गाडी, सोबत आई: कसं जावं?

केळीवाला_सावदा

राम राम मंडळी. दत्तजयंतीनंतर सारंगखेड्याचा घोडेबाजार मुलांना दाखवायचा आणि तसंच पुढे तोरणमाळला मुक्काम करायचा, असं ठरतंय. गाडी घरचीच, डिझेल अर्टिगा. मी, बायको, दोन पोरं (धाकटीला गाडी लागते) आणि आई. आईचे गुडघे धरलेले. साडूभाऊ संभाजीनगरहून कन्नड घाटाने येऊन शहाद्यात भेटणार.

बेत असा आहे. रात्री बाराला सावद्याहून निघायचं, यावल, चोपडा, शिरपूर करत पहाटे शहादा. सारंगखेडा येताना बघू, आधी अंधारातच घाट चढून वर सूर्योदय गाठायचा. परतताना तोच रस्ता कशाला, म्हणून धडगावकडून चांदसैली घाटाने तळोद्याला उतरायचं, मग नंदुरबार, आणि कोंडाईबारी घाटातून साक्री, धुळे.

मी सपाटीवरचा ड्रायव्हर. उतारावर गाडी कशी सांभाळायची ते जाणत्यांनी सांगावं. मनालीचे व्हिडिओ बघून बायको विचारतेय की टायरला साखळ्या लागतात का?

धुळ्याचा_बुलेटवाला

काय भो, एवढं काय घाबरतो! रात्रीच निघ, रस्ता मोकळा भेटतो. उतारावर न्यूट्रल टाकून दे, डिझेल वाचतं. वर गेल्यावर शेकोटी पेटव आणि फोटो टाक इथं.

एसटीवाले_आबा

बुलेटवाल्या, तुझं ऐकून हा माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन निघाला, तर टोचन लावायला तू येणार का?

केळीवाले भाऊ, मी शहादा डेपोत ड्रायव्हर होतो, आता घरीच असतो. तोरणमाळची गाडी पुष्कळ चालवली, म्हणून बोलतो.

आधी साखळ्यांचं. त्या बर्फासाठी, रोहतांगसारख्या ठिकाणी. आपल्या सातपुड्यात बर्फ पडत नाही. थंडीची लाट आली की तोरणमाळला आणि अक्कलकुव्याकडच्या डाबला पहाटे गवतावरचं दव गोठतं, पेपरात फोटो येतो. गाडीला त्याचा त्रास नाही. त्रास ओल्या डांबराचा. तोरणमाळच्या सातपायरी घाटात ज्या वळणांवर ऊन उशिरा पोचतं, तिथं सकाळी बराच वेळ दव असतं आणि त्यावर सागाची पानं पडलेली. ओल्या पानावर ब्रेक मारला की गाडी सरकते. साखळीचे पैसे टायरांत घाला. नक्षी झिजली असेल तर बदला, आणि हवा टायर थंड असताना तपासा, स्टेपनीची पण.

आता खरं भय. ते घाटात कमी, शिरपूर ते शहादा ते म्हसावद या सपाट पट्ट्यात जास्त. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालतात, एकामागे दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने आणि पाचटाने झाकलेला. तुम्हाला पुढून ट्रॅक्टरचा उजेड दिसतो, तुम्ही अंदाज बांधता, आणि त्याच्या मागची दुसरी ट्रॉली अंधारात दिसतच नाही. कधी पंक्चर होऊन ती ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे दोन दगड ठेवलेले, बस्स. माझ्या बघण्यात घाटापेक्षा या ट्रॉल्यांनी जास्त घरं बसवली. म्हणून रात्री बाराला निघणं रद्द करा. सकाळी चहा घेऊन आठला निघा, दुपारी सारंगखेडा बघा, शहाद्यात मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर घाट चढा आणि त्याच्या पुढच्या पहाटे वरूनच सूर्योदय बघा. तसाही तो वरच्या माणसालाच दिसतो. थंड हवा जड असते, रात्री डोंगरावरून उतरून खोऱ्यात साचते, त्यामुळे वर लख्ख ऊन आणि खाली तापीकाठी समोरचं माणूस दिसेना, असं कितीदा होतं.

धुकं लागलंच तर अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारू नका. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, चला. चारही इंडिकेटर चालत्या गाडीत लावायची नवी फॅशन आलीय, ती सोडा. मागच्याला कळत नाही तुम्ही उभे की चालते, आणि वळायचा इशारा देता येत नाही. काच आतून धुरकटली तर फडकं मारत बसू नका. थंडी असली तरी एसी लावून हवा काचेवर सोडा, तो हवेतली ओल ओढून घेतो.

आता उताराचं. ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, तीव्र उतार असेल तर त्याहून एक खाली. गाडी इंजिनाने धरायची. ब्रेक थोडा मारायचा, सोडायचा, परत मारायचा. पाय ठेवूनच बसलात तर लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ लागायला लागतं. न्यूट्रलमध्ये तर सगळा भार ब्रेकवरच येतो. इंजिन बंद करून उतरणारे महाभागही बघितलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टेअरिंगही जड होतं. ४ जुलै २०२३ ला मुंबई-आग्रा रस्त्यावर पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला, ते शिरपूरकर अजून विसरलेले नाहीत. बुलेटवाल्या, तू धुळ्याचा ना? मग तुला तरी माहीत पाहिजे.

वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढू नका, पुढच्या चाकापुढे दगड लावा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते. रिमजवळ नुसता तळहात धरून बघा. धग लागायची थांबली की निघा.

चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. कायद्यातही तेच आहे, आणि रीतही तीच. समोरून भरलेली एसटी चढत असेल तर तुम्ही अलीकडेच रुंद जागी थांबा. प्रत्येक वळणावर हॉर्न. रेटून ओव्हरटेक नको, तो घाट शे, वावर नही.

परतीला चांदसैली नको. दरीकडे अरुंद, वळणं अडचणीची, पावसाळ्यात दरड येते आणि कुठं काय उरलंय ते गेल्याशिवाय कळत नाही. धडगावकडचे लोक रोज जातात, त्यांचा हात बसलाय, तुमचा नाही. आले त्याच घाटाने उतरा, वळणं ओळखीची असतात. कोंडाईबारीही विनाकारण. तिथं रात्रंदिवस सुरतेची जड वाहतूक. २०२० च्या ऑक्टोबरात सुरतला निघालेली खासगी बस पहाटे तिथंच खाली कोसळली होती. तुम्हाला तर तिकडे जायचं कारणच नाही. शहादा, शिरपूर, चोपडा धरा आणि दिवेलागणीला घरी.

साडूभाऊंना सांगा, कन्नड घाटात कोर्टाच्या आदेशाने २०२३ पासून जड वाहनं बंद आहेत, कारला अडचण नाही. निघताना चाळीसगावच्या ओळखीच्या माणसाला फोन करून रस्ता चालू असल्याची खात्री करावी.

धडगावची_मास्तरीण

आबांशी सहमत. मी चांदसैलीने नेहमी जाते, पण गाडी चालवणारा इथलाच असतो.

दोन-तीन गोष्टी बायकांच्या नजरेतून. डिझेल शहाद्यातच भरा. वर नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशा आधी डाउनलोड करा आणि कधी परतणार ते घरी सांगून ठेवा. १०८ लावायलाही रेंज लागते हे लक्षात असू द्या. खोली आधी बुक करा, शनिवार-रविवारी गर्दी असते. आईंना मागच्या सीटवर बसवू नका, पुढे बसवा, पाय लांब करता येतात. खोलीत चुकूनही कोळशाची शेगडी घेऊन दार लावू नका. धुराचा वास नसला तरी कोळशाचा वायू झोपेतच मारतो. पोरीला घाटाआधी शेवभाजी देऊ नका, कळण्याची भाकरी किंवा कोरडं काही थोडं द्या, आणि तिला खिडकीतून लांबचं बघायला सांगा. मोबाईल बघितला की हमखास ओकणार.

केळीवाला_सावदा

आबा, ताई, मनापासून आभार. रात्रीचं निघणं रद्द. बायकोने तुमचा मजकूर वाचून दाखवला, आई म्हणाली "हा माणूस शहाणा दिसतो". एकच विचारायचं राहिलं. अर्टिगात आम्ही पाच आणि वर कॅरिअरवर गाद्या, बॅगा बांधू का? आईला कडक गादी लागते.

एसटीवाले_आबा

कॅरिअर नको. टपावर वजन चढलं की वळणावर गाडी झुकते, आणि सैल दोरी सुटली तर मागच्याचं काय? पाचच माणसं आहेत, मागची सीट पाडा. जड बॅगा खाली तळाला, सीटच्या पाठीला टेकवून. गादी गुंडाळून वर, पण आरशातून मागचं दिसेल एवढीच उंच. निघायच्या आदल्या आठवड्यात ब्रेकचे पॅड आणि ऑइल मेकॅनिककडून बघून घ्या, चाक उघडून. नुसतं "ठीक शे" म्हणाला तर मानू नका.