पावणेनऊ लाख खिळे पुरून रोमन फौज निघून गेली?

सियागंजवाला: इंदुरात आमचं खिळे, चुका, बिजागऱ्यांचं दुकान आहे, म्हणून विचारतोय. स्कॉटलंडात ताय नदीकाठी इंचटुथिलला रोमन लीजनची, म्हणजे पाचेक हजार सैनिकांच्या पलटणीची, ५३ एकरांची छावणी होती. इ.स. ८३च्या सुमारास बांधायला घेतली आणि ८६-८७मध्ये, पुरी व्हायच्या आतच सोडली. जाताना कारखान्याच्या जागी खड्डा खणून पावणेनऊ लाख खिळे पुरले, वर दोन मीटर माती ठोकली. दोन इंचीपासून फुटापेक्षा लांबपर्यंत, हातानं घडवलेला चौकोनी अंगाचा माल, सात टनांच्या वर. आणि कोरा! नदी दाराशी असताना नावेत भरून का नाही नेला? आमच्याकडे गंजलेल्या पोत्याचेही भंगारवाला पैसे देतो.

महूचा सुभेदार (रिटायर): शेठ, तुम्ही भाव बघताय. मी जन्मभर स्टोअर सांभाळलंय. युनिट हलताना आधी गाड्या मोजतात, मग सामान. जे नेता येत नाही ते दुश्मनाच्या हाती लागू द्यायचं नाही, बस्स. तिकडे पूर्व युरोपात डॅन्यूब नदीवर, आजच्या रुमानियातल्या डेशियन लोकांनी रोमच्या डोमिशियन बादशहाला जेरीस आणलं होतं. ब्रिटनमधली एक लीजन तिकडे गेली, म्हणून इथली, बहुतेक विसावी, खाली इंग्लंडात चेस्टरला आणली. एवढं लोखंड तिथल्या कॅलेडोनियन टोळ्यांना सापडलं असतं तर भाल्यांची पाती झाली असती. भांडीकुंडीसुद्धा फोडून गेले, बराकी उकलल्या. स्टोअरकीपरनं रजिस्टरला ‘नष्ट’ लिहून घेतलं असणार, मला तर तो दिसतोच!

सियागंजवाला: हे पटलं. पण एकोणीसशे वर्षांत त्याचा भुगा कसा नाही झाला? आमच्या गोदामात एका पावसाळ्यात पोत्याचा तळ लाल होतो.

रामबागची, सध्या डंडीत (स्कॉटलंड): काका, कडेचे खिळे गंजून एकमेकांना चिकटले आणि त्यांचंच कवच झालं. आत हवा-पाणी शिरेना, मधले चांगले राहिले. १९६०च्या आसपास पुरातत्त्वज्ञ इयन रिचमंड यांच्या उत्खननात ते निघाले. अणुकचरा पुरायचा तर लोखंड जमिनीत किती टिकेल, हे ताडणाऱ्यांनीही ते तपासलेत.

बघायला याल तर भिंती शोधू नका. आतल्या इमारती लाकडाच्या होत्या, त्यामुळे आता शेत, गवत, खंदकाची खोलगट रेघ आणि तटाचा उंचवटा, एवढंच. ६४ बराकी होत्या, सेनापतीचं घर मात्र बांधायचंच राहिलं. त्या जागेवर नंतर गाव वसलं नाही, म्हणून आख्ख्या लीजनच्या छावणीचा इतका सलग नकाशा क्वचितच कुठे मिळतो. मी गेले तेव्हा वारा असा होता की फोन धरवेना.

सियागंजवाला: मधले चांगले म्हणजे विकण्याजोगे! मग केलं काय त्यांचं?

रामबागची, सध्या डंडीत: काही संग्रहालयांना दिले, काही लोकांना विकले.

सियागंजवाला: किलोवर की नगावर?