ड्रम शिकताना रेस्ट वाचता यायलाच हव्यात का?

खालीभरी: भाचा ड्रमच्या ग्रेड परीक्षेची तयारी करतोय. ऐकून छान वाजवतो, पण कागद समोर आला की एट्थ रेस्टवर (अर्ध्या बीटच्या शांततेची खूण) न थांबता पुढे पळतो. त्याचे सर म्हणतात, रेस्टसुद्धा तोंडाने मोजायची: 'वन अँड टू अँड', हात थांबला तरी तोंड चालू. मला पटतं. आधी रेस्ट, मग फिल्सची (मधे भरायच्या सजावटीच्या तुकड्यांची) हौस. तुमचं काय मत?

किकपेडल: साफ असहमत. ड्रमवर रेस्ट हा निम्मा कागदी कारभार आहे. स्नेअरवर काठी पडली की आवाज संपला. क्वार्टर नोट (एका बीटची) लिहा, नाहीतर एट्थ नोट (अर्ध्या बीटची) आणि तिच्यापुढे एट्थ रेस्ट लिहा, कानाला फरक शून्य. व्हायोलिनवाल्याला सूर तोडायचा असतो, त्याला रेस्ट लागते. पोराला गाणी ऐकून वाजवू द्या की.

खालीभरी: स्नेअरपुरतं मान्य. पण ओपन हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) घुमत राहते, तिचं काय?

किकपेडल: तिला वेगळ्या खुणा आहेत. नोटच्या डोक्यावर गोल म्हणजे उघडी, अधिकचं चिन्ह म्हणजे बंद. रेस्टचा संबंध नाही.

तिटकत: तबलेवाल्याचं मधेच नाक खुपसणं चालवून घ्या. आमच्याकडे तिहाई म्हणजे एकच तुकडा (पल्ला) तीनदा वाजवणं; दमदार तिहाईत पल्ल्यांच्या मधे दम घ्यायचा. 'ति ट क त धा' हे पाच बोल घ्या, प्रत्येक बोल एक सिक्स्टीन्थ, म्हणजे पाव बीट. पाच बोल, एक जागा रिकामी, पुन्हा पाच, एक रिकामी, पुन्हा पाच. एकूण 17. चार-चारच्या (चार बीटच्या) बारमध्ये सिक्स्टीन्थ 16 बसतात, म्हणजे शेवटचा धा बरोबर पुढच्या बारच्या 'वन'वर, आमच्या भाषेत समेवर. बीटच्या चार जागा 'वन ई अँड अ' अशा मोजल्या, तर रिकाम्या जागा आल्या दुसऱ्या बीटच्या 'ई'वर आणि तिसऱ्याच्या शेवटच्या 'अ'वर. वाजवून बघा.

किकपेडल: बघितलं, मस्त बसतं. पण हेच लिहिताना मी पहिले दोन्ही धा एट्थ नोट म्हणून लिहीन आणि तुमच्या दोन्ही रेस्ट कागदावरून गायब! म्हणजे माझंच खरं.

तिटकत: चिन्ह गायब झालं, जागा नाही झाली. ती गिळलीत तर तिहाई बेदम (बिनादमाची) होते आणि शेवटचा धा 15 व्या जागी, चौथ्या बीटच्या 'अँड'वर आपटतो. बँड 'वन'वर यायच्या आत तुम्ही घरी.

किकपेडल: ते मोजण्याबद्दल झालं, वाचण्याबद्दल नाही. पण बरं, पुढे बोला.

काठीकाका: मी शिकवतो, म्हणून थोडं. पोरं अडतात ती रेस्टच्या लांबीपाशी नाही. हातांच्या नोटच्या दांड्या वर, पायांच्या खाली, आणि काही पुस्तकांत दोघांच्या रेस्ट वेगवेगळ्या छापतात. पोराला कळत नाही की थांबायचंय कोणी. खालची रेस्ट बेस ड्रमची असते, हा हातही थांबवतो! खालीभरी, भाच्याचं पुस्तक एकदा त्या नजरेने बघा. दुसरं, हाफ आणि होल रेस्टची गल्लत: चौथ्या रेषेला लटकते ती होल, तिसरीवर बसते ती हाफ.

खालीभरी: बघितलं. पायाच्या रेस्टच आहेत!

काठीकाका: मग त्यांना पेन्सिलने कंस घाला. आणि दोन बार वाजवून एक बार पूर्ण रिकामा सोडायला सांगा, मेट्रोनोम 60 वर.

किकपेडल: माझी अट: रिकाम्या बारमध्ये मेट्रोनोमचा आवाज बंद.