मदत हवी आहे: लडाखच्या गावात पेरणीला पाणी नाही, आइस स्तूपचा (हिवाळ्यात पाणी गोठवून केलेला बर्फाचा शंकू) अनुभव आहे का कुणाला?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात लेहपासून दोन तासांवरच्या एका छोट्या गावात आठ दिवस होमस्टेला राहिले. घरच्या आमा-ले (तिकडे आईला असंच म्हणतात) रोज पहाटे फावडं घेऊन पाटावर जायच्या, पाणी आलं का बघायला. पाट कोरडाठाक, तळाला भेगा. सातू पेरायचा होता, पण तिथे आधी शेत भिजवावं लागतं, वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिमी. आमच्याकडे मृग कोरडा गेला की आजी जशी आभाळाकडे बघत बसायची ना, तशा त्या डोंगराकडे बघायच्या.

मी विचारलं, गरमी वाढतेय, ग्लेशियर वितळतायत, मग पाणी वाढायला नको का? तर म्हणाल्या वाढतं ना, जुलै-ऑगस्टात, दुपारनंतर ओढा असा फुगतो की पलीकडे जाता येत नाही, पण तेव्हा त्याचं काय करू?

परत आल्यावर वाचत बसले तेव्हा कळलं की पेरणीचं पाणी ग्लेशियरचं नसतंच, ते हिवाळ्यात खालच्या उतारांवर साठलेल्या बर्फाचं. तो कमी पडला किंवा आधीच वितळून गेला की एप्रिल-मे कोरडा. ग्लेशियर पाच हजार मीटरच्या वर, त्यांचं पाणी यायला जून उजाडतो. आणि ग्लेशियर आटताना आधी काही वर्षं पाणी वाढतं, मग कमीच होत जातं, म्हणजे आज दिसणारा उन्हाळी लोंढा हीसुद्धा मुद्दलातून चाललेली उचल आहे. हे वाचून झोप लागेना.

लडाखचेच इंजिनियर चेवांग नोर्फेल यांचे कृत्रिम ग्लेशियर आणि सोनम वांगचुक यांचे आइस स्तूप ऐकून माहीत आहेत. स्तूपासाठी हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी पाइपने, पंप न लावता, नुसत्या उताराच्या जोरावर कारंज्यासारखं उडवायचं, ते गोठून शंकू होतो, उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो म्हणून मेपर्यंत टिकतो. गावातली दोन मुलं करायला तयार आहेत.

प्रत्यक्ष काम केलेल्यांनी प्लीज सांगा, पाइप आतून गोठू नये म्हणून काय करता? जमिनीत किती खोल पुरता? रात्री राखण किती जणांची लागते? की आधी गावाची जुनी झिंग (पाणी साठवायचं तळं) दुरुस्त करणं जास्त शहाणपणाचं? ती गळते, रात्रीचं पाणी सकाळपर्यंत राहत नाही. ऑक्टोबरच्या आत ठरवायचंय, नंतर जमीन खणता येत नाही.