हिवाळी वाफे: कुदळ मारायची की पाचट पसरायचं?

जुळे_सोलापूर
परतीचा पाऊस उघडला की आमच्या गल्लीत जो तो परसात कुदळ घेऊन उतरतो. माझं मत स्पष्ट आहे, खणू नका. भेंडी-गवार बुडाशी कापा, मुळं मातीतच कुजू द्या. गवारीच्या मुळांवर तर नत्राच्या गाठी असतात, त्या उपटून फेकायच्या कशाला? वर दोन बोटं मुरलेलं शेणखत, त्यावर उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला. आपली काळी माती भेगाळून स्वतःच नांगरली जाते.

मोहोळची_शेतकरीण
भाऊ, भेगा मे महिन्यातल्या. सप्टेंबरच्या पावसानं तीच माती दगडासारखी बसते. त्यात गाजर लावून बघा, दोन तंगड्यांचं निघेल. मी वीतभर खणतेच, पण वाफसा आल्यावर, म्हणजे ओल बेताची झाल्यावर. मूठभर माती वळायची, गोळा टाकल्यावर फुटला तरच कुदळ हातात घ्यायची. ओल्यात खणलं की अशी ढेकळं होतात, संक्रांतीपर्यंत फुटत नाहीत.

जुळे_सोलापूर
गाजर-मुळ्याचं मान्य. मेथी, पालक, कोथिंबिरीला काय गरज? खणलेला वाफा भराभर वाळतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हो, पाचटाखाली ओल टिकते तेवढाच आधार.

मोहोळची_शेतकरीण
ओल टिकवायला आमच्या ज्वारीच्या रानात पाचट कुठं असतं? कुळव फिरवतात, नंतर कोळपतात. वरची दोन बोटं माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात, खालची ओल खालीच राहते. मालदांडी ज्वारी त्या ओलीवर येते. परसात तेच काम खुरपं करतं.

होटगी_रोड
पाचटाचं मी केलं होतं. लसणाच्या वाफ्यात वाळवी झाली. शिवाय थोडं मातीत मिसळलं, तर पालक पिवळाच पडला.

जुळे_सोलापूर
मिसळायचं नाही, तीच चूक झाली. कोरडं पाचट मातीत कुजताना नत्र ओढून घेतं, पालकाला उरत नाही. वरच ठेवा, तेही रोपं चार बोटं वर आल्यावर ओळींच्या मधे. वाळवीसाठी मी निंबोळी पेंड टाकतो, आणि पाचट ओलसर ठेवतो.

अक्कलकोटची_काकू
एवढं कशाला? चुलीची राख टोपलीभर टाका. आमच्या सासूबाई तेच करायच्या.

मोहोळची_शेतकरीण
काकू, मावा आला तर पानांवर चिमूटभर उडवा, माझी ना नाही. वाफ्यात टोपलीभर मात्र नको. आपली जमीन आधीच चुनखडीची, राखेनं सामू (पीएच) आणखी चढतो. मग लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. त्यापेक्षा शेणखत नीट मुरवा. कच्चं टाकलं तर मुळं खाणारी हुमणीची अळी घरात आणल्यासारखं आहे.

जुळे_सोलापूर
राखेवर ताईंशी पूर्ण सहमत. खणण्यावर नाही. मेथीचा वाफा मी यंदाही खुरप्यानं नुसता खरवडून पेरणार.

मोहोळची_शेतकरीण
पेरा की. पण कोळपणी विसरू नका, आणि गाजराला कुदळ लागतेच.